शाळेत संगीत शिक्षक नाही? आज्जीची ओवी अन् पाण्याच्या बाटल्या पुरतात

पौड (ता. मुळशी) : जानेवारी जवळ आला की गावोगावच्या शाळांत गॅदरिंगची तयारी सुरू होते. पेनड्राइव्हवर गाणी येतात, स्पीकर लागतो, पोरं त्यावर नाचतात. आईबाप मोबाईलवर शूटिंग करतात. त्यात वाईट काहीच नाही. पण त्या सगळ्या कार्यक्रमात पोरांनी स्वतः तयार केलेलं गाणं किती असतं? बहुतेक ठिकाणी एकही नाही.

पोरांना स्वतःचं गाणं, स्वतःचा ताल तयार करायला लावणारी कार्यशाळा शाळेत घेता येते. तिला 'सर्जनशील संगीत कार्यशाळा' म्हणतात. नाव जड असलं तरी काम सोपं आहे. मुळशीसारख्या तालुक्यात तर त्यासाठी लागणारा सगळ्यात मोठा ठेवा घरातच आहे. फक्त तो आता फार दिवस हाताशी राहणार नाही.

ही कार्यशाळा म्हणजे गाण्याचा क्लास नाही

क्लासमध्ये गुरुजी गातात आणि मुलं तसंच म्हणतात. सूर, ताल, राग क्रमाने शिकवले जातात, परीक्षा होतात. ते शिक्षण मोलाचं आहेच. पण दर शाळेला संगीताचा शिक्षक मिळत नाही.

या कार्यशाळेत आधी ऐकायचं, मग आवाज शोधायचे, ते जुळवायचे आणि शेवटी सगळ्यांसमोर सादर करायचं. गळा गोड असलाच पाहिजे अशी अट नाही. जर्मनीतले कार्ल ऑर्फ, कॅनडातले मरे शेफर अशा संगीतकारांनी मागच्या शतकात शाळेतल्या मुलांसाठी याच वाटेने काम केलं. मूल आधी हाताने, पायाने, कानाने संगीत करतं, नियम नंतर शिकतं, असा त्यांच्या कामाचा गाभा होता.

पहिला तास : पाऊस आणि बाटल्या

सुरुवात डोळे मिटून करावी. दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं आणि काय काय ऐकू आलं ते वहीत लिहायचं. कोंबडा, ट्रॅक्टर, हापशी, वाऱ्याने हलणारा पत्रा, काहीही चालेल.

मग ताम्हिणीचा पाऊस वर्गात आणायचा. आधी तळहात हळू चोळायचे, ही भुरभुर. मग चुटक्या, हे थेंब. मग मांड्यांवर थापा, या सरी. शेवटी पाय आपटायचे, हा धो-धो पाऊस. नंतर त्याच क्रमाने मागे यायचं, म्हणजे पाऊस ओसरतो. तीस पोरांचा वर्ग असेल तर आवाज खरोखर पावसासारखा उठतो. लहान आवाज, मोठा आवाज, सुरुवात आणि शेवट या संगीतातल्या गोष्टी पोरांना इथेच कळतात.

त्यानंतर काचेच्या सारख्या पाच बाटल्या घ्याव्यात. प्रत्येकीत पाणी कमी-जास्त भरावं आणि चमच्याने हलकेच वाजवावं. जास्त पाणी असलेली बाटली जाड, खालचा आवाज देते. कारण काच आणि पाणी मिळून कंप पावतात, वजन वाढलं की कंप हळू होतो. आता त्याच बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारा. इथे उलटं होतं. जास्त पाणी असलेल्या बाटलीचा आवाज वर जातो, कारण आत हवेची जागा कमी उरते आणि तेवढीच हवा कंप पावते. विज्ञानाच्या पुस्तकातला ध्वनीचा धडा असा कानाने समजतो. "याने अभ्यासाचं काय?" असं विचारणाऱ्या पालकांना हेच उत्तर देता येईल.

घरातलं सूप, घागर, बांबूचे तुकडे, मडकं, डबा हीच वाद्यं. विकत काही आणावं लागत नाही.

दुसरा तास : आज्जीची ओवी

आता येतो मुळशीचा ठेवा. दळणाची गिरणी गावात येण्याआधी बायामाणसं पहाटे उठून जात्यावर दळायची. दोघी समोरासमोर बसून खुंटा धरायच्या, मूठ मूठ दाणे घालायच्या आणि ओव्या गायच्या. जात्याचा फेरा हाच ताल. माहेर, सासर, लेक, भाऊ, पंढरी, कष्ट, सगळं त्या ओव्यांत असायचं. कुणी लिहून दिलेलं नव्हतं. गाणारीच रचायची, दुसरी ऐकून त्यात भर घालायची. म्हणजे पोरांनी कार्यशाळेत जे करायचं, ते इथल्या आज्या रोज पहाटे करत होत्या.

या ओव्यांचं मोल बाहेरच्या अभ्यासकांनी ओळखलं. पुण्यात काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मुळशीतल्या गरीब डोंगरी संघटनेच्या बायाही या कामात होत्या. १९९० च्या दशकात संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या साथीने ध्वनिमुद्रणही झालं. नांदगाव, कोळवडे, लवार्डे अशा मुळशीतल्या गावांचे आवाज त्यात आहेत. हजारावर गावांतून मिळून १ लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकरही आता नाहीत. २०१७ पासून हा संग्रह 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर लोकांसाठी येऊ लागला. मोबाईलवर तो फुकट ऐकता येतो.

पण संग्रहात गेलं म्हणजे आपल्या घरातलं सगळं जपलं गेलं असं नाही. ऐन तरुणपणी जातं ओढलेल्या बाया आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. नातवंडांनी विचारलं नाही तर त्या आपणहून गात नाहीत. "आता कुठं आठवतंय" म्हणतात. दोनदा विचारलं की मात्र आठवतं.

आवाज टिपताना एवढं पाळा

- आधी आज्जीला विचारा. ती हो म्हणाली तरच रेकॉर्ड करा.
- पंखा, टीव्ही बंद करा. फोन फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे मध्येच कॉल येणार नाही.
- फोन साधारण हातभर अंतरावर, मऊ कापडावर ठेवा.
- सुरुवातीला आज्जीचं नाव, माहेरचं गाव आणि तारीख बोलून घ्या.
- तिला विचारल्याशिवाय व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

स्वतःची ओवी कशी रचायची?

जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची असते. पहिली ओळ ठिकाण किंवा माणूस दाखवते, दुसरी मनातली गोष्ट सांगते, शेवटी यमक जुळतं. पोरांनी आज्जीच्या चालीवर आपला विषय घ्यावा : भातलावणी, चुकलेली बस, धरणाचं पाणी. उदाहरणादाखल अशी :

गावाच्या फाट्याला पोरं थांबली किती बाई
ढग आले डोंगराला, एसटी काही येत नाही

चार-चार पोरांचे गट करावेत. एक गट ओवी गाईल, दुसरा सुपाने पाखडण्याचा ताल धरेल, तिसरा बाटल्यांवर सूर देईल, चौथा पाऊस पाडेल. झालं गाणं.

कुणी घ्यायची, कधी घ्यायची?

वर्गशिक्षक घेऊ शकतात. सोबतीला गावातल्या भजनी मंडळाचे पखवाजवाले, हलगी वाजवणारे आणि दोन-तीन आज्या बोलवाव्यात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना आहे, आणि स्थानिक कलाकारांना शिकवायला बोलवावं असंही त्यात म्हटलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच जास्त असतात. तिच्या पुढच्या बैठकीत कुणीही पालक हा विषय मांडू शकतो.

गॅदरिंगमध्ये दहा नाच असू देत. अकरावा कार्यक्रम पोरांच्या ओवीचा ठेवावा, आणि ज्यांच्याकडून चाल मिळाली त्या आज्यांना पहिल्या रांगेत बसवावं.