तारप्याचे धनी

पालघर जिल्ह्यात तारप्याचे चित्र विकत मिळणे जितके सोपे आहे, तितकेच वाजणारा तारपा विकत मिळणे अवघड आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या वारली चित्रात मध्यभागी वाकून फुंकणारा तारपेवाला आणि त्याच्याभोवती वेटोळे घालणारी नाचणाऱ्यांची साखळी असते. ही आकृती आता कापडी पिशव्या, कप, भेटकार्डे आणि बोईसरच्या वसाहतींमधील फाटकांपर्यंत पोहोचली आहे. डहाणूजवळच्या गंजाड गावचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत वारली चित्रांची स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली होती. मात्र चित्रातल्या माणसाच्या हातात जे वाद्य आहे, त्याला अशी बाजारपेठ कधी लाभली नाही. अणुवीज केंद्राच्या किंवा तारापूर औद्योगिक वसाहतीच्या नोकरीनिमित्त बोईसरला स्थायिक झालेल्या एखाद्या संगीतप्रेमी माणसाला आपल्याच जिल्ह्याचे वाद्य घरी असावे असे वाटले, तर त्याला कोणत्या दुकानात जावे हे सांगता येत नाही, कारण अशा व्यवहाराची वाट दुकानातून जात नाही, ती करणाऱ्याच्या अंगणातून जाते.

ही वाट तशी अनोळखी नाही. अमेरिकेत कमानदार पाटीच्या गिटारी, म्हणजे ज्यांची वरची पाटी सपाट फळीची नसून व्हायोलिनप्रमाणे जाड लाकडातून कोरून फुगीर केलेली असते अशा गिटारी, आजही काही स्वतंत्र कारागीर एकहाती घडवतात. ऑरव्हिल गिब्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र मेंडोलिन आणि गिटारीला लावले. पुढे न्यूयॉर्कमध्ये जॉन डी'अँजेलिको यांनी १९६४ साली मृत्यू येईपर्यंत अकराशेच्या वर गिटारी आपल्या लहानशा कारखान्यात केल्या आणि त्यांचे शिष्य जेम्स डी'अक्विस्टो यांनी ती परंपरा पुढे चालवली. अशी गिटार घेणारा वादक कारागिराला आपल्या हाताचा पंजा, वाजवण्याची पद्धत आणि हवा असलेला नाद सांगतो, आगाऊ रक्कम देतो आणि महिनोन्‌महिने, कधी वर्षभर, वाट पाहतो. महाराष्ट्रात हाच व्यवहार मिरजेला दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनी तिथे सतार-तंबोरा घडवण्याचा धंदा उभा केला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येणारे भोपळे आणि तुणीचे लाकूड यांतून बनणाऱ्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न स्वराचा असतो, कारण काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तंबोरा आणि काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा तंबोरा यांचे भोपळेच वेगळ्या मापाचे निवडावे लागतात.

तारप्याच्या बाबतीत मात्र एक मूलभूत फरक आहे. मिरजेचा सतारमेकर दुसऱ्यासाठी वाद्य करतो; तारपा करणारा बहुधा स्वतःसाठी करतो, म्हणजे वाजवणारा आणि घडवणारा एकच असतो आणि त्याने केलेल्या वाद्याचा पहिला गिऱ्हाईक त्याचा स्वतःचा श्वास असतो. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, ती वयाच्या नव्वदीनंतरही तारपा वाजवणाऱ्या आणि स्वतः घडवणाऱ्या माणसाला झाली. या पुरस्कारामुळे वर्तमानपत्रांत तारप्याचे नाव झळकले. पण वाजवणे आणि घडवणे या एकाच माणसाच्या दोन सवयी आहेत ही बाब त्या बातम्यांतून फारशी पोहोचली नाही, आणि खरेदी करणाऱ्याच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

वाद्याची रचना दिसायला साधी आहे. वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा हा त्याचा हवेचा साठा. त्याच्या एका टोकाला फुंकण्याचे भोक असते आणि दुसऱ्या टोकातून बांबूच्या दोन नळ्या शेजारी शेजारी बाहेर येतात. या नळ्यांच्या भोपळ्यात दडलेल्या टोकांना बांबूच्याच जिभा बसवलेल्या असतात, म्हणजे बांबूच्या पातळ तुकड्यात तीन बाजूंनी चीर देऊन एका बाजूने जोडलेली पट्टी ठेवलेली असते, जी हवेच्या दाबाने थरथरते आणि आवाज निर्माण करते. बाहेरच्या भागावर बोटांची भोके पाडलेली असतात. नळ्यांच्या खालच्या तोंडांना ताडाच्या पानांच्या पट्ट्या गुंडाळून केलेला लांब, पसरट होत जाणारा कर्णा जोडतात आणि हे सगळे जोड मधमाशीच्या मेणाने बुजवतात. खिळा, स्क्रू किंवा सरस यांपैकी काहीही लागत नाही. तारप्याची लांबी तीन-चार फुटांपासून माणसाच्या उंचीपर्यंत असू शकते, आणि ती वाढली की आवाजाला भारदस्तपणा येतो, तसाच वाहून नेण्याचा त्रासही वाढतो.

पुंगीची रचना याच्याशी मिळतीजुळती आहे आणि नाशिक-डांग भागातील कोकणांची पावरीही याच कुळातली. तरीही तारपा त्याच्या कर्ण्यामुळे वेगळा पडतो. पुंगी एका माणसाला आणि जवळ बसलेल्या श्रोत्यांना पुरते, तर तारप्याला मोकळ्या अंगणात, रात्रभर, नाचणाऱ्या पावलांच्या आणि घुंगुरकाठीच्या आवाजावर मात करायची असते. शिवाय फुंकर तुटून चालत नाही, म्हणून वाजवणारा गालात हवा साठवून ती भोपळ्यात सोडत असतानाच नाकाने नवा श्वास घेतो. नाचणाऱ्यांची साखळी तारपेवाल्याभोवती फिरते आणि तो चाळा, म्हणजे वाजवण्याची चाल, बदलतो तसे पावलही बदलते. ज्या श्वासावर वीस-पंचवीस माणसांचे पाऊल अवलंबून असते, त्या श्वासाला सोसेल असाच भोपळा आणि तेवढीच हलकी जीभ करणारा निवडतो. दुकानी वाद्यात असे शरीराशी जुळवलेले माप सापडत नाही, आणि दुसऱ्याचा तारपा हाती घेणाऱ्याला तो सुरुवातीला जड जातो, याचेही कारण तेच.

तारपा मागायला जाणाऱ्याने पहिली गोष्ट स्पष्ट करावी लागते ती ही, की तो वाजवायला हवा आहे की भिंतीवर लावायला. अलीकडे प्रदर्शनांमधून आणि पर्यटकांसाठी शोभेचे तारपे विकले जातात. त्यांचा कर्णा देखणा असतो, भोपळ्यावर पांढरी नक्षी असते, आणि त्यांपैकी बरेच वाजतच नाहीत. शोभेची वस्तू विकून घर चालवणाऱ्या माणसाला दोष देण्याचे कारण नाही, मात्र मुका तारपा वाजत्या तारप्याच्या किमतीला घेणारा माणूस नकळत एक चुकीचा संदेश देतो, की जिभा बसवण्याचे आणि सूर जुळवण्याचे जे सर्वांत अवघड काम आहे, त्याची वेगळी किंमत कोणाला द्यायची नाही. ही तक्रार शोभेच्या तारप्यावर नाही, त्याच्या भावावर आहे.

वाजवण्यासाठी तारपा घेणारा सहसा स्वतः तो वाजवून पाहू शकत नाही, कारण अखंड फुंकरीची सवय नसलेल्या माणसाकडून त्यातून धडपणे सूरही निघत नाही. त्यामुळे करणाऱ्यालाच तो बराच वेळ वाजवायला सांगणे हा एकमेव शहाणपणाचा मार्ग ठरतो. थोडी मिनिटे वाजल्यावर तोंडातील ओलाव्याने जिभा जड होतात आणि स्वर किंचित हलतो; तो किती हलतो आणि दोन्ही नळ्या एकमेकींना धरून राहतात की नाही, हे तेवढ्या वेळातच कळते. भोपळ्याला बोटाने टिचकी मारली तर कोरड्या, जाड सालीचा आवाज टणक येतो आणि भेग असेल तर फुटका येतो. कर्ण्याच्या गुंडाळ्या सैल नाहीत ना, जोडांतून हवा सुटत नाही ना, हे हात फिरवून पाहता येते. सूर जुळवण्याची रीतही या वेळी पाहायला मिळते: जिभेच्या टोकाला मेणाचा कण चिकटवला की ती जड होऊन स्वर उतरतो, आणि तोच कण खरवडला की चढतो. मिरजेचा कारागीर घोडीची जवारी काढताना जे कानाने करतो, तेच इथे मेणाच्या कणाने चालते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. तारपा हार्मोनियमच्या पट्ट्यांशी जुळेलच असे गृहीत धरता येत नाही, कारण त्याचे स्वर त्या भोपळ्याचे, त्या नळ्यांचे आणि त्या हाताचे असतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा फ्यूजनच्या कार्यक्रमात तो कीबोर्डबरोबर वाजवायचा असेल, तर ही गरज आधीच सांगावी, शक्य असल्यास ठरावीक स्वर वाजवून दाखवावा आणि मेण-जिभांच्या मर्यादेत जे बसेल तेवढ्यावर समाधान मानावे. नंतर तक्रार करण्यात अर्थ नसतो. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिब्सन कंपनीच्या कमानदार गिटारीत फेरफार करून तिच्यावर राग वाजवले आणि १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह ध्वनिमुद्रिका केली, तेव्हा वाद्य वाजवणाऱ्यापुढे वाकले. तारपा इतका वाकत नाही.

तारप्याची मालकी गिटारीच्या किंवा तंबोऱ्याच्या मालकीपेक्षा वेगळी पडते ती टिकाऊपणाच्या मुद्द्यावर. डी'अँजेलिकोची गिटार वय वाढेल तशी महाग होत जाते, आणि चांगला मिरजी तंबोरा दोन-तीन पिढ्या गात राहतो. तारपा मात्र मुळात नाशवंत साहित्याचा आहे. भोपळा पडला की फुटतो, ताडाची पाने कोरडी पडून चिरतात, जिभा झिजतात, आणि मेणाला तर पालघरचा मे महिनाच पुरेसा आहे. बंद मोटारीत किंवा पश्चिमेच्या उन्हात ठेवलेल्या तारप्याचे जोड मऊ पडतात आणि कर्णा आपोआप सुटतो. पावसाळ्यात उलट अडचण येते, बोईसरसारख्या समुद्राजवळच्या दमट हवेत भोपळ्याला आतून बुरशी धरते आणि बांबूत भुंगा शिरतो. चुलीच्या वर आढ्याला टांगलेल्या तारप्याला धुराचा लाभ होऊन किडीपासून संरक्षण मिळते. फ्लॅटमध्ये चूल नसल्याने वाजवून झाल्यावर तो तोंड खाली करून निथळू देणे, हवा खेळेल अशा सावलीत टांगणे आणि पावसाळ्यात अधूनमधून उतरवून पाहणे एवढेच हातात उरते. उंदरांना मेण आवडते, हेही विसरून चालत नाही.

या नाशवंतपणामुळे तारप्याचा धनी करणाऱ्यापासून कधीच पूर्णपणे सुटा होत नाही. जीभ बदलायला, मेण नव्याने लावायला, कर्णा पुन्हा गुंडाळायला त्याला वर्षा-दोन वर्षांनी त्याच अंगणात जावे लागते, आणि त्या वेळी जी रक्कम द्यायची ती पहिल्या किमतीइतकीच महत्त्वाची असते. किमतीचा छापील तक्ता नसल्यामुळे घासाघीस करण्याचा मोह गिऱ्हाईकाला होतो. त्याऐवजी भोपळा निवडणे, मेण मिळवणे, बांबू कापून वाळवणे आणि जिभांचे कित्येक तुकडे वाया घालवून दोन उपयोगी तुकडे साधणे, यात गेलेले दिवस मोजावेत आणि त्यांना एखाद्या कुशल सुताराची रोजी लावावी. तारपा पैशासाठी करायचा नसतो असे मानणाऱ्या जुन्या पिढीतील कोणी किंमत सांगायला संकोचला, तर तो संकोच स्वस्ताईची संधी समजू नये.

वेळेचेही गणित आहे. पावसाच्या सुरुवातीला लावलेला दुधीचा वेल मांडवावर चढतो, फळे वेलावरच जून होऊ द्यावी लागतात आणि साल टणक झाल्यावर ती सावकाश वाळवावी लागतात. तारप्याचा खरा हंगाम भाताचे नवे पीक हाती येते तेव्हाचा, वाघबारस आणि दिवाळीच्या आसपासचा. त्या दिवसांत करणारा स्वतःच वाजवण्यात गुंतलेला असतो आणि त्याच्या हातातला तारपा मागणे अवघडल्यासारखे होते. म्हणून या दिवाळीत ओळख करून घ्यावी, नाच पाहावा, चाळे ऐकावेत आणि मागणी पुढच्या वर्षासाठी नोंदवावी, हा क्रम रास्त ठरतो. बोईसरहून चिल्हार फाट्यावर महामार्गाला लागून मनोर, विक्रमगडमार्गे जव्हारकडे जाणारा रस्ता घाटाचा आहे; परतताना तारपा टपावर बांधण्यापेक्षा कर्णा वेगळा करून आणणे सोयीचे पडते. तो करणाऱ्याकडूनच सोडवून घ्यावा आणि पुन्हा जोडण्यासाठी मेणाचा एक गोळा मागून घ्यावा.