ग्रंथातून रुग्णशय्येकडे : वैद्यकीय शिक्षणातील अवघड वळण

प्राथमिक आरोग्य केंद्रात नवा डॉक्टर रुजू झाला की, पंचक्रोशीतील ग्रामस्थ त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहतात. परंतु हा डॉक्टर कसा घडतो, याची कल्पना फार थोड्यांना असते. एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता असते. या साडेपाच वर्षांत परीक्षा अनेक होतात. पण विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते ती, मूलभूत शास्त्रांच्या अभ्यासातून बाहेर पडून तो प्रथमच रुग्णाच्या खाटेपाशी उभा राहतो तेव्हा.

मूलभूत शास्त्रांचा पाया

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र हे प्रमुख विषय असतात. देहदानामुळे लाभलेल्या मृतदेहाचे विच्छेदन करून विद्यार्थी स्नायू, नसा व रक्तवाहिन्या ओळखावयास शिकतो. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र यांची भर पडते आणि त्याच वर्षी रुग्णकक्षातील शिक्षण नियमितपणे सुरू होते. सकाळचे सुमारे तीन तास विद्यार्थ्यांचे लहान गट औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, प्रसूती व स्त्रीरोग, बालरोग अशा विभागांतून पाळीपाळीने जातात.

क्रम उलटा होतो

या वळणावर अडखळण्याचे मुख्य कारण आळस किंवा बुद्धीची उणीव हे नव्हे. पाठ्यपुस्तकात रोगाचे नाव प्रकरणाच्या माथ्यावर असते व लक्षणे त्याखाली दिलेली असतात. रुग्णकक्षात हा क्रम उलटा होतो. रुग्ण लक्षणे घेऊन येतो. नाव विद्यार्थ्याने शोधावयाचे असते.

सिकलसेल या आनुवंशिक आजाराचे उदाहरण घेता येईल. विदर्भाचा पूर्व भाग व सातपुड्याचा पट्टा येथे हा आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हे विद्यार्थ्याने जीवरसायनशास्त्रात पाठ केलेले असते. रुग्णकक्षात मात्र त्याच्यापुढे असते हातपाय दुखतात म्हणून कण्हणारी, डोळे पिवळसर झालेली एखादी मुलगी. थंडी पडली की दुखणे वाढते, एवढेच तिची आई सांगू शकते. हे दुखणे व ती वाकलेली पेशी एकच आहेत, हे ज्या क्षणी उमगते, त्या क्षणी पाठांतराचे ज्ञान होते. पुढे आई विचारते, “धाकट्यालाही हे होईल का?” आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी अपत्यास आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. पण हे गणित आईला समजेल अशा शब्दांत आणि तिला दोषी न वाटेल अशा रीतीने सांगणे, ही निराळी विद्या आहे.

रुग्णाची भाषा

रुग्णवृत्त घेणे ही या शिक्षणाची पहिली पायरी होय. ग्रामीण रुग्ण केवळ ‘दुखते’ म्हणून थांबत नाही. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, मुंग्या येतात, जळजळ होते, असे तो नेमके सांगतो व यातील प्रत्येक शब्द निदानाची दिशा बदलू शकतो. ‘दिवस गेले आहेत’ किंवा ‘अंगावरून जाते’ हे स्त्रियांचे संकोचाचे बोल ज्याला उमगत नाहीत, त्याच्या निदानात चूक होण्याचा धोका असतो. परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्यांची ही अडचण ध्यानी घेऊन अभ्यासक्रमाच्या प्रारंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेच्या परिचयाचा समावेश करण्यात आला आहे.

वृत्त घेतल्यानंतर निरीक्षण, स्पर्श, बोटाने ठोकून पाहणे व स्टेथोस्कोपने ऐकणे अशा चार पायऱ्यांनी तपासणी होते. स्टेथोस्कोपचा उगमही बोधप्रद आहे. पॅरिसमधील डॉक्टर लेनेक यांना 1816 मध्ये एका तरुणीच्या छातीला कान लावणे अप्रशस्त वाटले. म्हणून त्यांनी कागदाची सुरळी करून तिच्यातून ऐकले, तर हृदयाचे ठोके अधिक स्पष्ट ऐकू आले. स्त्रीची मर्यादा राखण्यातून शास्त्राचे एक साधन जन्मास आले.

रुग्णाची प्रतिष्ठा

शासकीय रुग्णालयातील रुग्ण बहुधा गरीब असतो. त्याच्या दुखऱ्या पोटावर एकामागून एक दहा विद्यार्थ्यांनी हात दाबला, तर शिक्षण होते, पण यातना त्याच्या वाट्याला येतात. म्हणून आपण विद्यार्थी आहोत हे सांगणे, परवानगी घेणे, पडदा ओढणे, स्त्री रुग्णाच्या तपासणीवेळी स्त्री परिचारिका अथवा नातेवाईक जवळ असणे, हे शिष्टाचार नसून शिक्षणाचे अविभाज्य अंग आहे. रुग्णाला नकार देण्याचा अधिकार आहे आणि नकारामुळे त्याच्या उपचारात उणेपणा येता कामा नये.

नवी रचना

हे वळण सुकर व्हावे म्हणून भारतीय वैद्यक परिषदेने 2019 मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू केला. त्यानुसार पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यास रुग्णाचे दर्शन घडते. वृत्ती, नीती व संवाद यांचे रीतसर पाठ दिले जातात. आणि सुई टोचण्यासारखी कौशल्ये प्रथम पुतळ्यावर गिरविली जातात. परिषदेची जागा 2020 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. आयोगाने पुढे कुटुंब दत्तक कार्यक्रमही अभ्यासक्रमात आणला. त्यात प्रत्येक विद्यार्थी गावातील काही कुटुंबांच्या आरोग्याचा मागोवा घेतो. महाराष्ट्राला ही कल्पना अपरिचित नाही. 1969 मध्ये सेवाग्राम येथे स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांच्या तुकडीने एखादे गाव दत्तक घेण्याची परंपरा आहे.

गावाचा वाटा

येथे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांचे साहाय्य मोलाचे ठरते. विद्यार्थी गावात येतात, ते उपचार देण्यासाठी नव्हे, तर शिकण्यासाठी, हे घरोघर समजावून सांगावे. आजार लपविण्याची प्रवृत्ती जेथे आहे, तेथे शाळेच्या शिक्षकाचा शब्द उपयोगी पडतो. विद्यार्थ्याच्या वागण्यात उणेपणा दिसल्यास तो महाविद्यालयाच्या कानी घालणे, हेही साहाय्यच होय. उद्याच्या डॉक्टरला ग्रंथ शिकवितात, प्राध्यापक शिकवितात. परंतु दुखणे म्हणजे काय, हे त्याला अखेर दुखणाईतच शिकवितो. त्या गुरूचा मान राखला गेला, तरच गावाला हवा असलेला डॉक्टर गावाला मिळेल.