फोटोच्या पाठीवरचे नाव

काळ्या पानांचा एखादा आल्बम बहुतेक घरांत असतोच. त्यातला फोटो उलटा केला, की पाठीवर स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेली एखादी ओळ सापडते : कुणाचे लग्न, कुठले गाव, कुठले साल. लिहिणारे हात कधीच गेलेले असतात. ओळ मात्र फोटोची साथ सोडत नाही. संगणकातल्या फोटोंना अशी पाठ असते का?

असते. पण तिच्यावर लिहिले जाते की नाही, हे आपण निवडलेल्या प्रोग्रामवर ठरते. 'पिकासा' बंद झाल्यावर हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला. गूगलने हा प्रोग्राम २००४ साली विकत घेऊन सर्वांना फुकट दिला. फोटो सालवार लावणे, चेहऱ्यांना नावे देणे, हवा तो फोटो चटकन शोधणे, सारे त्यात सोपे होते. माझाही तो फार आवडता. १५ मार्च २०१६ नंतर त्याची देखभाल थांबली. आधीपासून असलेल्या संगणकांवर तो चालत राहिला, पण नव्या मोबाइलचे कित्येक फोटो त्याला उघडता येत नाहीत. आज ना उद्या नवे घर शोधणे भागच.

अशा वेळी आपण आधी किंमत विचारतो. मी वेगळा हिशेब मांडला. माझी आत्या ८६ वर्षांची आहे. आमच्या जुन्या ग्रुप फोटोंतली माणसे ओळखणारी आता ती एकटीच. स्कॅन केलेले फोटो मी पडद्यावर मोठे करून दाखवतो. "अरे, ही तर सोनूताई! हिच्याच लग्नात पावसाने मांडव कोसळला होता," ती सांगते आणि मी टिपून घेतो. प्रोग्राम आणखी एखादा मिळेल. आत्याच्या या दुपारी पुन्हा कुठून आणणार? म्हणून जो प्रोग्राम सोडून जाताना ही नावे आपल्याबरोबर नेता येतील, तोच मला परवडणारा.

माहिती ठेवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. काही प्रोग्राम ती स्वतःच्या वेगळ्या वहीत लिहितात. प्रोग्राम गेला की वही निरुपयोगी. काही ती फोटोच्या फाइलमध्येच लिहितात. त्यासाठी 'आयपीटीसी' आणि 'एक्सएमपी' हे सर्वमान्य प्रकार आहेत. एक्सएमपीत देवनागरीही नीट उतरते. पिकासा फोटोखालची ओळ फाइलमध्ये लिहीत असे. चेहऱ्यांची नावे मात्र सहसा वहीत राहत. त्याच्या शेवटच्या आवृत्त्यांत ती फाइलमध्ये लिहिण्याची सोय आहे. ज्यांच्याकडे तो अजून चालतो, त्यांनी आधी फोटोंची एक प्रत काढावी आणि मग हे काम उरकून घ्यावे.

आता पर्याय. 'डिजिकॅम' पूर्णपणे मोफत आहे, स्वयंसेवकांनी घडवलेला. चेहरे ओळखण्याचे काम तो आपल्याच संगणकावर करतो आणि पिकासाने फाइलमध्ये लिहिलेली नावे वाचतो. शिकायला मात्र थोडा सराव लागतो. 'एक्सएनव्ह्यू एमपी' घरगुती वापरासाठी मोफत आणि हाताळायला सुटसुटीत. अॅडोबीच्या 'लाइटरूम'ची एकदाच पैसे भरून घेण्याची शेवटची आवृत्ती २०१५ची. आता वर्गणी भरावी लागते. 'गूगल फोटोज'मधली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी संपली. तिथे लिहिलेले वर्णनही फोटो बाहेर काढताना वेगळ्या फाइलमध्ये मिळते.

कुठलाही प्रोग्राम घ्या, आधी पाच फोटोंवर परीक्षा घ्या. सेटिंगमध्ये माहिती फाइलमध्ये लिहिण्याचा पर्याय चालू करा, कारण तो पुष्कळदा बंदच असतो. मराठीत नाव आणि एक ओळ लिहा. फोटोची प्रत दुसऱ्या संगणकावर न्या आणि वेगळ्याच प्रोग्राममध्ये उघडा. नाव दिसले तर पुढचे हजार फोटो खुशाल त्याच्या हवाली करा. न दिसले तर तो कितीही देखणा असो, दुरूनच नमस्कार!

एवढे झाले, की उरते ते काम कुठलाच प्रोग्राम करू शकत नाही. येत्या रविवारी घरातल्या सर्वांत वडील माणसाशेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "ही कोण?"