रॅम घेताय? आधी मदरबोर्डला विचारा!

संगणक मंद चालू लागला की प्रत्येकजण एकच उपाय सांगतो, "रॅम वाढवून घ्या." सल्ला बहुतेक वेळा बरोबरही असतो. मुलांचा अभ्यास, बँकेचे व्यवहार, लग्नकार्यांचे फोटो, दुकानाचा हिशेब हा सगळा भार जुन्या यंत्राला पेलत नाही. मग जबलपूरच्या मढातालमधल्या जयंती कॉम्प्लेक्ससारख्या संगणक-बाजारातून रॅमची पट्टी येते. ती बसवून आपण बटण दाबतो. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळाच! कधी उलट होते. संगणक दोन दिवस छान चालतो आणि तिसऱ्या दिवशी ऐन कामात निळा पडदा दाखवून बंद पडतो.

पट्टी खराब निघाली म्हणून आपण दुकानदाराशी वाद घालतो. तो तीच पट्टी आपल्या यंत्रावर लावून दाखवतो आणि ती व्यवस्थित चालते. अशा वेळी दोघांपैकी कुणीच खोटे बोलत नसते. पट्टीही चांगली असते आणि मदरबोर्डही चांगला असतो, फक्त दोघांची पत्रिका जुळत नाही.

हा प्रश्न सध्या अनेक घरांत येतो आहे. विंडोज १० ची नियमित देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, तेव्हा जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीचा विषय निघाला. त्याच सुमारास कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांसाठी मागणी वाढून रॅमचे भाव कडाडले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. भाव चढले की माणूस जुन्या वा दुसऱ्या यंत्रातून काढलेल्या पट्ट्यांकडे वळतो, आणि न जुळण्याची शक्यता तिथेच वाढते.

खाच काय सांगते?

पट्टीच्या कडेवर सोनेरी दातांमध्ये एक खाच असते. डीडीआर, डीडीआर २, डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या प्रत्येक पिढीत ती वेगळ्या जागी असते. डीडीआर २ आणि डीडीआर ३ या दोन्हींना २४० दात, तर डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन्हींना २८८ दात असतात. लांबी सारखी दिसली तरी एकीच्या जागी दुसरी बसत नाही. ही खाच म्हणजे सुरक्षेची सोय आहे, कारण प्रत्येक पिढीचे व्होल्टेज वेगळे असते. डीडीआर २ ला १.८ व्होल्ट लागतात, डीडीआर ३ ला १.५, डीडीआर ४ ला १.२ आणि डीडीआर ५ ला १.१. म्हणून पट्टी सहज बसत नसेल तर जोर लावू नका.

खाच जुळली, तरीही...

जबलपूरच्या गन कॅरिज फॅक्टरीत १९०४ पासून काम चालते. अशा कारखान्यात नोकरी केलेल्या गृहस्थांना हे लगेच पटेल की बोल्टची जाडी जुळली तरी आटे जुळायला हवेत. रॅमचेही तसेच आहे.

इंटेलच्या जी-४१ चिपसेटचे मदरबोर्ड जुन्या स्वस्त संगणकांत पुष्कळ आढळतात. त्यातल्या डीडीआर ३ च्या बोर्डांवर ४ जीबीची पट्टी चालते, पण तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असाव्या लागतात. नंतरच्या काळात तेवढीच क्षमता ८ मोठ्या चिपमध्ये मावू लागली. अशी ८ चिपची पट्टी जी-४१ ला वाचताच येत नाही. किंमत तीच, खाच तीच, लेबलावर ४ जीबीही तेच; पण संगणक सुरू होत नाही.

दुसरे उदाहरण. डीडीआर ३ च्या काळातल्या काही स्वस्त पट्ट्या फक्त एएमडी प्रोसेसरच्या संगणकात चालतात, इंटेलच्या नाही. तिसरे उदाहरण इंटेलच्या २०१५ सालच्या सहाव्या पिढीचे. त्या पिढीच्या काही बोर्डांवर डीडीआर ३ एल, म्हणजे १.३५ व्होल्टची पट्टी लागते. जुनी १.५ व्होल्टची पट्टी त्या खाचेत बसते, पण ती वापरू नये असे इंटेलचेच सांगणे आहे.

क्षमतेचीही मर्यादा असते. एच-६१ चिपसेटचा बोर्ड एकूण १६ जीबीच्या पुढे जात नाही. विंडोजची ३२ बिट आवृत्ती असेल तर ८ जीबी बसवूनही ४ जीबीहून कमीच वापरात येते. इथे दोष रॅमचा नसतो. ६४ बिट विंडोज टाकल्याशिवाय पैसे वायाच जातात.

दोन पट्ट्यांचा संसार

प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते. तीत त्या पट्टीचा वेग आणि वेळेचे गणित लिहिलेले असते. संगणक सुरू होताना मदरबोर्ड ते वाचतो. वेगवेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या लावल्या तर दोन्हींना सहसा कमी वेगाने चालावे लागते. बहुतेक वेळा एवढ्यावर निभावते, काही वेळा मात्र दोघींचे अजिबात पटत नाही. म्हणून जमल्यास एकाच कंपनीची, एकाच क्रमांकाची जोडी घ्यावी.

पडदा काळाच राहिला तर

घाबरून यंत्र उचलून दुकानात नेण्याआधी पुढील क्रमाने पाहा.

१. प्लग काढा, बटण काही सेकंद दाबून ठेवा आणि केबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या.

२. सर्व पट्ट्या काढा. सोनेरी दात मऊ, स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसा. भुगा बोर्डावर पडू देऊ नका. जबलपूरच्या पावसाळ्यात किंवा उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या हवेसमोर ठेवलेल्या संगणकात दातांवर थर बसतो. कित्येकदा एवढ्यानेच काम होते.

३. आधी फक्त जुनी पट्टी लावून पाहा, मग फक्त नवी. दोन्ही बाजूंचे खटके बसल्याचा आवाज यायला हवा. त्यानंतर स्लॉट बदलून पाहा, म्हणजे दोष पट्टीचा की स्लॉटचा ते कळेल.

४. बीप ऐका. थांबून थांबून येणारा लांब बीप ही बहुधा रॅमचीच तक्रार असते.

५. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल पाच-दहा मिनिटे काढून परत बसवा. जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि बोर्ड रॅमची नव्याने ओळख करून घेतो.

६. बायोस अद्ययावत करण्याने कधी कधी नवी रॅम ओळखली जाते, पण ते जाणकाराकडून आणि यूपीएस असतानाच करावे. मध्येच दिवे गेले तर बोर्डच निकामी होऊ शकतो.

चालतो, पण चुकतो

सुरू न होणारा संगणक त्रास देतो, पण नुकसान करत नाही. खरा धोका त्या संगणकाचा, जो अर्धवट जुळलेल्या रॅमवर चालत राहतो. फोटो, पत्र, हिशेब जे काही आपण उघडतो ते आधी रॅममध्ये येते आणि तिथूनच परत डिस्कवर लिहिले जाते. रॅमने एखादा आकडा चुकीचा धरला तर चुकीचेच जतन होते आणि पडद्यावर कसलीही सूचना येत नाही. जबलपूर हे उच्च न्यायालयाचे गाव. इथे अर्ज आणि कागदपत्रे टंकून देण्यावर कितीतरी घरे चालतात. अशा घरात महिन्याभराने फाइल उघडलीच नाही, तर दोष कुणाला द्यायचा?

म्हणून नवी पट्टी लावल्यावर लगेच कामाला लागू नका. 'मेमटेस्ट८६ प्लस' हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. विंडोजमध्येही मेमरी तपासण्याची सोय आहे. एक जरी चूक दिसली तरी ती पट्टी त्या संगणकात ठेवू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संशय असेपर्यंत फोटोंच्या किंवा कागदपत्रांच्या जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवू नका. नाहीतर बिघडलेल्या फाइली चांगल्या फाइलींच्या जागी जाऊन बसतील. आधी नवी पट्टी काढा, मग प्रत घ्या.

दुकानात जाण्यापूर्वी

मदरबोर्डचे नाव आणि क्रमांक लिहून घ्या. तो बोर्डावरच छापलेला असतो. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरले आहेत ते दिसते. बोर्डाच्या कंपनीने चालणाऱ्या पट्ट्यांची यादी दिलेली असते, ती पाहा. शक्य असेल तर जुनी पट्टी कागदाच्या पाकिटात घालून सोबत न्या. तिच्यावरचा क्रमांक दुकानदाराला सगळे सांगेल. "या बोर्डावर न चालल्यास बदलून मिळेल" एवढे एक वाक्य बिलावर लिहून घ्या. चांगला दुकानदार ते आनंदाने लिहून देतो.