प्रवाळ खाणारा छुपा पाहुणा
खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत नवे प्रवाळ थेट सोडू नये. ॲक्रोपोरा प्रजातीच्या प्रवाळावर जगणारा चपटा कृमी त्याच्याच रंगात इतका मिसळून जातो, की नजरेला पडत नाही. दिसतात त्या फक्त त्याने खाल्लेल्या जागच्या फिकट, गोल खुणा. औषधी द्रावणात प्रवाळ बुडवून हलवले, की कृमी गळून पडतात. अंडी मात्र कवचामुळे वाचतात. म्हणून बुडाशी उघड्या पडलेल्या सांगाड्यावरचे अंड्यांचे पुंजके खरवडून काढावेत, प्रवाळ काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे आणि द्रावणाची आंघोळ पुन्हा पुन्हा घालावी. भारतात मात्र असे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहेत. समुद्रातून ते काढणे गुन्हा ठरतो.