मैदानाला कुलूप लागते तेव्हा
डलिच हॅम्लेट : लंडनच्या एका उपनगरी फुटबॉल क्लबाची कथा

लंडन म्हटले की आर्सेनल, चेल्सी, टॉटनहॅम ही नावे आपल्याकडील शाळकरी मुलांच्याही ओठांवर येतात. परंतु त्याच शहराच्या दक्षिण अंगाला, डलिच नावाच्या उपनगरात, असा एक क्लब आहे की ज्याचे नाव आपल्याकडे थोड्यांनीच ऐकले असेल. धंदेवाईक फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत तो कधी खेळला नाही, की लक्षावधी पौंड मोजून त्याने कधी खेळाडू आणले नाहीत. असे असूनही २०१८ साली त्याच्या मैदानाच्या दाराला कुलूप लागले, तेव्हा त्या उपनगरातील माणसे मोर्चा काढून रस्त्यावर उतरली आणि प्रकरण पार्लमेंटापर्यंत गेले. एवढ्याशा क्लबाविषयी लोकांना इतकी आच का वाटावी, हे समजून घ्यायचे तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

हा क्लब स्थापन झाला १८९३ साली. गावातील प्राथमिक शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या मुलांना एकत्र खेळावेसे वाटत होते. त्यांना हाताशी धरणारा गृहस्थ लॉरेन विल्सन. मुले त्याला ‘पा’ म्हणत. आपण ‘बाबा’ म्हणावे तसे. शाळेच्या नावावरूनच क्लबाला ‘डलिच हॅम्लेट’ हे नाव मिळाले. हॅम्लेट म्हणजे वाडी. शेक्सपिअरच्या राजपुत्राचा येथे काही संबंध नाही! सदऱ्याचे रंग गुलाबी आणि गडद निळा. पुरुषांच्या संघाने गुलाबी रंग घालून मैदानात उतरावे, हे प्रतिपक्षाला थट्टेचे वाटले असेल. पण त्या रंगाने सगळ्यांची थट्टा पचवली आणि आज तोच या क्लबाची ओळख होऊन बसला आहे.

१९०७ साली क्लबाला इस्थमियन लीगमध्ये प्रवेश मिळाला. ही लीग हौशी संघांची. खेळाबद्दल पैसा घ्यायचा नाही, हा तिचा दंडक. आठवडाभर कचेरीत किंवा दुकानात राबावे आणि शनिवारी दुपारी सदरा चढवून मैदान गाठावे, असा तो शिरस्ता होता. १९१२ पासून चॅम्पियन हिल येथील आजच्या जागेवर क्लबाचे बस्तान बसले.

त्याच सुमारास शिक्षणासाठी इंग्लंडला आलेला हुसेन हेगाझी हा इजिप्शियन तरुण हॅम्लेटकडून खेळू लागला. त्याचा खेळ पाहून फुलहॅम या धंदेवाईक क्लबाने १९११ साली त्याला आपल्या संघात उतरवले, आणि पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला. आता हा पोरगा आपल्या हातून गेला, असेच कुणालाही वाटले असते. पण ‘पा’ विल्सन त्याला भेटायला गेले. हेगाझीला वरच्या लीगचा मोह नव्हता असे नाही. तथापि ज्यांनी परक्या देशात आपल्याला आपलेसे केले, त्यांना सोडून जाणे त्याच्या जिवावर आले. फुलहॅमची क्षमा मागून तो हॅम्लेटमध्येच राहिला. पुढे १९२० व १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये तो इजिप्तकडून खेळला, आणि त्या देशाच्या फुटबॉलचा आद्य पुरुष म्हणून आज त्याचे नाव घेतात.

पहिल्या महायुद्धानंतरची दोन दशके म्हणजे हॅम्लेटचे वैभवाचे दिवस. हौशी संघांसाठी असलेला अखिल इंग्लंडचा ॲमॅच्युअर कप त्याने १९२०, १९३२, १९३४ आणि १९३७ असा चार वेळा जिंकला. १९३२ च्या अंतिम सामन्यात तर मरीन या संघाचा सात विरुद्ध एक गोलने धुव्वा उडवला. या काळाचा नायक म्हणजे एडगर केल. शाळकरी वयात तो क्लबात आला आणि चारशेवर गोल करून निवृत्त झाला. १९२९ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून तो फ्रान्स, बेल्जियम आणि स्पेनविरुद्ध तीन सामने खेळला. फ्रान्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने दोन गोल केले. मोठ्या क्लबांनी गळ घातली, पण तो हौशीच राहिला. आज मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचे नाव आहे, आणि ज्यांच्या आजोबांनीही कदाचित त्याला खेळताना पाहिले नसेल अशी पोरे सामन्याच्या वेळी त्याच्या नावाचा गजर करतात.

१९३१ साली चॅम्पियन हिलला नवे क्रीडागार उभे राहिले. दोनच वर्षांनी किंग्स्टोनियन आणि स्टॉकटन यांच्यातील ॲमॅच्युअर कपाचा अंतिम सामना पाहायला तेथे २०,७४४ माणसे जमली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मेक्सिको आणि दक्षिण कोरिया यांचा सामनाही येथेच झाला. त्याच स्पर्धेत स्वतंत्र भारताचा संघ लंडनच्या पूर्वेकडील इलफर्ड या दुसऱ्या उपनगरात फ्रान्सशी खेळला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. दोन पेनल्टी हुकल्या आणि आपण एक विरुद्ध दोन गोलने हरलो. पण रामनने केलेला तो गोल आणि त्या अनवाणी पायांचे कौतुक इंग्रज प्रेक्षकांनी मनापासून केले. हिंदुस्थानच्या ऑलिंपिक फुटबॉलचे पहिले पाऊल असे एका उपनगराच्या मैदानात पडले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे दिवस पालटले. दूरचित्रवाणी घरोघर आली, मोठ्या क्लबांचे सामने बसल्या जागी दिसू लागले आणि शनिवारची गर्दी ओसरली. हौशी आणि धंदेवाईक हा भेदच १९७४ साली फुटबॉल असोसिएशनने मोडीत काढला व ॲमॅच्युअर कपही बंद पडला. ज्या स्पर्धेने हॅम्लेटला नाव दिले ती स्पर्धाच उरली नाही. १९९१ साली जुने क्रीडागार पाडण्यात आले. जागेच्या एका भागावर मोठे विक्रीकेंद्र उभे राहिले आणि शेजारी लहानसे नवे मैदान तयार झाले. वीस हजारांच्या जागी काहीशे माणसे जमू लागली.

येथवरची कथा अनेक जुन्या संस्थांची आहे. आपल्याकडील जुनी वाचनालये, तालमी, नाट्यमंडळे यांच्या दिवाणखान्यांतील ढाली आणि तसबिरी पाहिल्या म्हणजे हेच आठवते. परंतु डलिचची कथा येथे संपली नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तेथील तरुण कुटुंबे पुन्हा मैदानाकडे वळली. मोठ्या क्लबांची तिकिटे परवडेनात, आणि तेथे गेले तरी खेळाडू दुरूनच दिसायचे. येथे मात्र लेकराला कडेवर घेऊन कुंपणाशी उभे राहता येते आणि सामना संपला की गोलरक्षकाशी दोन शब्द बोलता येतात. १८९३ मध्येच स्थापन झालेल्या हांबुर्गच्या अल्टोना या क्लबाशी हॅम्लेटच्या चाहत्यांचा घरोबा आहे. २०१३ साली संघ वरच्या विभागात चढला आणि प्रेक्षकांचा आकडा हजाराच्या पुढे गेला.

आणि मग तो मार्च २०१८ उजाडला. मैदानाची जागा क्लबाच्या मालकीची नव्हती. ती घरे बांधणाऱ्या एका कंपनीच्या ताब्यात गेली होती. बांधकामाची परवानगी आणि पैसा यांवरून तंटा वाढत गेला आणि क्लबाला मैदानाबाहेर काढण्यात आले. एवढ्यावर भागले नाही. क्लबाचे नावच व्यापारचिन्ह म्हणून दुसऱ्याच्या नावे नोंदवले गेले असून ते यापुढे वापरू नये, असे पत्र क्लबाच्या हाती पडले. सव्वाशे वर्षे अंगावर वागवलेले नाव एका कागदाने परके व्हावे! लोकांना जागेपेक्षा हा घाव अधिक लागला.

या वेळी धावून आला तो जुना प्रतिस्पर्धी. टूटिंग अँड मिचम या शेजारच्या क्लबाने आपले मैदान हॅम्लेटला दिले. परक्या मैदानात खेळत, मोर्चे काढत, वर्गणी जमवत संघाने तो मोसम पुरा केला, आणि मे महिन्यात निर्णायक सामना पेनल्टींवर जिंकून नॅशनल लीगच्या दक्षिण विभागात बढती मिळवली. घर नसलेल्या संघाने घराण्याच्या इतिहासातील सर्वांत वरची पायरी गाठली ती अशी! लोकमताच्या रेट्यापुढे अखेर तडजोड झाली, नावाचा हट्ट सुटला आणि २६ डिसेंबर २०१८ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, हॅम्लेट पुन्हा चॅम्पियन हिलवर उतरला. त्या दिवशी मैदानात मुंगीला शिरायला वाट नव्हती.

२०२३ साली संघ एक पायरी खाली, आपल्या जुन्या इस्थमियन लीगमध्ये परत आला. पण त्यामुळे चाहते पांगले नाहीत. यश आले तसे गेले. माणसे तेवढी राहिली.

या कथेपासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. संस्था ढालींवर जगत नाही; शेजारच्या घरातील पोराला ती आपली वाटते तोवरच ती जगते. ‘पा’ विल्सनांनी हेगाझीसाठी जे केले, तेच पुढे चाहत्यांनी क्लबासाठी केले. दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची. ज्यांच्या आजोबांनी पेठेत तालीम बांधली, वाचनालयाला खोली दिली, त्यांनी जागेचे दस्तऐवज एकदा पेटीतून बाहेर काढून वाचावेत. जिव्हाळा असला म्हणजे कुलूप उघडते हे डलिचने दाखवले. पण कागद वेळीच पाहिला असता तर कुलूप लागण्याची वेळ कदाचित आलीच नसती.