जुन्या डिझेल गाडीस टॅकोमीटर जोडणे : एक विवेचन

‘टॅकोमीटर’ या शब्दाचा पूर्वार्ध ‘वेग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. म्हणजे व्युत्पत्तीने पाहता टॅकोमीटर व स्पीडोमीटर हे दोन्ही शब्द ‘वेगमापक’ असाच अर्थ देतात. व्यवहारात मात्र त्यांचे विषय निराळे आहेत. स्पीडोमीटर गाडी ताशी किती किलोमीटर जाते ते सांगतो; टॅकोमीटर एंजिनाचा क्रँकशाफ्ट मिनिटाला किती फेरे घेतो ते सांगतो. आपल्याकडील कारागिरांनी ‘आरपीएम मीटर’ हे नाव पत्करून हा घोटाळा आपल्यापुरता मिटविला आहे. जुन्या डिझेल गाडीस असे यंत्र मागाहून जोडावयाचे झाल्यास त्याला एंजिनाचे फेरे कळावेत कसे, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. भाषेच्या अभ्यासकाला हा प्रश्न अगदीच परका वाटू नये. कारण चिन्ह आणि त्याचा अर्थ यांचा संबंध हाच त्याचा गाभा आहे.

१. गरज. डिझेल एंजिनाच्या इंधनपंपातील गव्हर्नर फेरे एका मर्यादेपलीकडे गेले की इंधन तोडतो. यावरून टॅकोमीटर अनावश्यक आहे असे अनुमान निघेल. पण ते अपुरे ठरते. घाट उतरताना चालकाने गाडी फार खालच्या गिअरमध्ये टाकली तर एंजिनाला इंधन फिरवीत नसते, चाके फिरवीत असतात. तेथे गव्हर्नरचा अधिकार संपतो. फेरे अतोनात वाढल्यास झडपा वेळेवर मिटत नाहीत आणि पिस्टनवर आदळू शकतात. अनुभवी चालक आवाजावरून अंदाज बांधतो हे खरे. परंतु उतारावरील वाऱ्यात व खडखडाटात कान नेहमीच विश्वासार्ह राहतो असे नाही.

२. खूण कोठून घ्यावी? पेट्रोल एंजिनात हे काम सोपे असते. चार सिलिंडरांच्या, चार धावांच्या एंजिनात दर फेऱ्यास दोन ठिणग्या पडतात. टॅकोमीटर इग्निशन कॉइलकडून त्या मोजतो. डिझेल एंजिनात ठिणगीच नाही; तेथे हवेच्या दाबाने उत्पन्न झालेल्या उष्णतेवर इंधन पेटते. सबब दुसरी खूण शोधावी लागते. ती तीन ठिकाणी मिळू शकते.

पहिली इंधनाच्या नळीवर. नळीला दाबाची जाणीव असणारा चिमटा लावला असता प्रत्येक फवाऱ्याबरोबर एक स्पंद मिळतो. एका सिलिंडरात दोन फेऱ्यांस एकच फवारा होत असल्याने ३,००० फेऱ्यांस सेकंदाला २५ स्पंद येतात. दुसरी फ्लायव्हीलच्या दात्यांवर. दात्यांसमोर सुमारे एक मिलिमीटर अंतर ठेवून चुंबकीय संवेदक बसविला की दर दात्यामागे एक स्पंद मिळतो. ही पद्धत सर्वांत नेमकी; पण संवेदकासाठी भोक पाडावे लागते. तिसरी, आणि बहुधा सर्वांत सोयीची, अल्टरनेटरवरील ‘डब्ल्यू’ हे टोक. अल्टरनेटरच्या गुंडाळ्यांतील प्रत्यावर्ती प्रवाह डायोडांतून जाऊन एकदिश होण्यापूर्वीच या टोकावर घेतलेला असतो.

३. खुणेचा अर्थ. चार सिलिंडरांचे प्यूजो एंजिन बसविलेली महिंद्र एमएम ५४० ही जीप उदाहरणादाखल घेऊ. क्रँकशाफ्टची पुली अल्टरनेटरच्या पुलीच्या दुप्पट व्यासाची आहे आणि अल्टरनेटरात चुंबकीय ध्रुवांच्या सहा जोड्या आहेत असे धरू. एंजिनाच्या एका फेऱ्यास अल्टरनेटर दोन फेरे घेईल आणि दर फेऱ्यास सहा, म्हणजे एकूण १२ आवर्तने देईल. एंजिन ३,००० फेऱ्यांवर, अर्थात सेकंदाला ५० फेऱ्यांवर असता ‘डब्ल्यू’ टोकावर सेकंदाला ६०० आवर्तने मिळतील. पेट्रोल गाडीचा टॅकोमीटर फेऱ्यास दोन स्पंद धरून चालतो. तो येथे जोडल्यास ७५० फेऱ्यांवर मंद चालणारे एंजिन ४,५०० फेऱ्यांवर असल्याचे सांगेल.

म्हणून डिझेलसाठी केलेला, मागील बाजूस जुळवणीची सोय असलेला टॅकोमीटरच घ्यावा. ढोबळ चूक लगेच ध्यानात येते. खरा धोका लहान चुकीचा आहे. ध्रुवांच्या जोड्या सहा असता आठ धरून जुळवणी केली, तर एंजिन ४,००० फेऱ्यांवर असताना काटा ३,००० दाखवील. ज्या उताराकरिता यंत्र बसविले, तेथेच ते चालकाला खोटा धीर देईल.

४. जोडणी. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. गाडी १२ व्होल्टची की २४ व्होल्टची ते पाहून त्यानुसार यंत्र निवडावे. धन तार चावीच्या स्विचनंतरच्या टोकावरून, फ्यूज घालून घ्यावी. दुसरी तार गाडीच्या सांगाड्यास अर्थ करावी. तिसरी ‘डब्ल्यू’ टोकाला जोडावी. चौथी आतील दिव्याची असते. पत्र्यातून तार नेताना भोकात रबरी कडी बसवावी. अल्टरनेटरास ‘डब्ल्यू’ टोक नसल्यास तो उघडून एका गुंडाळीच्या टोकास तार डागावी लागते; हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेणे इष्ट. फारच जुन्या गाडीत अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असेल, तर हा मार्ग बंद होतो आणि फ्लायव्हील किंवा इंधननळी यांकडे वळावे लागते.

५. पडताळा. पुलीचा व्यास मोजून काढलेले गुणोत्तर प्रारंभापुरतेच ग्राह्य मानावे, कारण पट्टा पुलीच्या बाह्य कडेवरून नव्हे तर खाचेतून फिरतो. क्रँकशाफ्टच्या पुलीवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी चिकटवून हातातील प्रकाशीय टॅकोमीटरने प्रत्यक्ष फेरे मोजावेत आणि काटा त्याच्याशी जुळवावा. मंद गती, १,५०० व २,५०० अशा तीन ठिकाणी पडताळा घ्यावा. या वेळी सैल कपडे व हात पंख्यापासून दूर ठेवावेत. पट्टा सैल होऊन घसरू लागला तर काटा खरे फेरे कमी करून सांगतो. तसेच पुढे कधी अल्टरनेटर अगर त्याची पुली बदलली, तर पडताळा पुन्हा घेणे आवश्यक आहे.

सारांश, ‘डब्ल्यू’ टोकाशी जोडलेला टॅकोमीटर एंजिनाचे फेरे प्रत्यक्ष पाहत नाही. अल्टरनेटरची आवर्तने मोजून तो फेऱ्यांविषयी विधान करतो. त्या विधानाचे सत्य तारेच्या जोडणीवर जितके, तितकेच पुलींच्या गुणोत्तरावर व ध्रुवांच्या संख्येवर अवलंबून असते. हा संकेत पडताळून घेतल्याखेरीज घाटात काट्यावर विसंबू नये.